ताईची फाईल : बारावी ते इंजिनिअरिंग प्रवेश, कोपरखैरण्यातलं एक प्रकरण

मी कोपरखैरण्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आणि बारावी सायन्सच्या एका तुकडीची वर्गशिक्षिका आहे. बारावीच्या वर्षी घरात, वर्गात, क्लासमध्ये सगळं बोलणं गुणांचं चालतं. पण इतक्या वर्षांत माझ्या डोळ्यांसमोर ज्यांचे प्रवेश बिघडले, त्यांतली फार थोडी मुलं अभ्यासात कमी पडलेली होती. बाकीची कागदांत अडकली, नाहीतर अर्जात. म्हणून २०२४-२५ मधल्या एका मुलीचं वर्ष मी इथे सविस्तर मांडते आहे. घरच्यांना विचारून लिहिते आहे, नाव देत नाही. धाकटा भाऊ तिला ताई म्हणतो, मीही इथे तेच म्हणेन.

ताईचे वडील तुर्भ्याच्या एपीएमसीत, कांदा-बटाटा मार्केटला माथाडी कामगार. दक्षिण मुंबईतले घाऊक बाजार तुर्भ्याला आले तशी साताऱ्या-पुण्याकडची शेकडो कुटुंबं कोपरखैरणे-घणसोलीत येऊन राहिली, त्यांतलंच हे एक. मूळ गाव पाटण तालुक्यात. जात सुतार, म्हणजे ओबीसी. आजोबांनंतर घरात कुणी रंधा हाती घेतला नाही. आई सकाळी पोळी-भाजीचे डबे करते. ताई दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली, ८६ टक्के मिळवून सायन्सला आली आणि अकरावीच्या पहिल्या घटक चाचणीत माझ्याच विषयात जेमतेम पास झाली. इंग्रजी वाक्य वाचून अर्थ लागेपर्यंत वेळ संपायचा. तिच्या वहीत समासात पेन्सिलीने मराठी शब्द लिहिलेले असायचे, ‘प्रवर्तन’, ‘रोध’, ‘विभवांतर’. अकरावी संपता संपता ते शब्द कमी होत गेले आणि गुण वाढत गेले. अभ्यासाच्या बाबतीत ही मुलगी स्वतःच्या पायावर उभी होती. माझी खरी गरज तिला दुसरीकडेच लागणार होती, हे तेव्हा मलाही कळलं नव्हतं.

जुलै ते दिवाळी

बारावीचा वर्ग सुरू झाला की पहिल्या पंधरवड्यात मी प्रत्येकाला एक फाईल घेऊन बोलावते. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, जन्मदाखला, आणि राखीव प्रवर्गातला मुलगा किंवा मुलगी असेल तर जातीचं प्रमाणपत्र, ते पडताळणी समितीने तपासून दिलेली जात वैधता, आणि कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचं नॉन क्रीमीलेयर प्रमाणपत्र. ताईच्या फाईलमध्ये गुणपत्रिका, दाखला आणि आधार एवढंच होतं.

“जातीचा दाखला?”

“आप्पांचा पण नाहीये, मॅडम. कधी लागलाच नाही.”

कॉलेजच्या फलकावर ‘जात वैधतेसाठी अर्ज करावेत’ अशी सूचना लागलेली होती. ती ताईने वाचलीही होती. पण वैधतेच्या आधी जातीचं प्रमाणपत्र लागतं, ते मूळ गावाकडून काढावं लागतं, आणि त्याला आजोबा-पणजोबांचा पुरावा लागतो, हे त्या एका ओळीतून कुणाला कळणार? ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख धरली जाते. त्याच्या आधीची, जातीचा उल्लेख असलेली नोंद दाखवायची असते. अनुसूचित जातींसाठी हीच तारीख १० ऑगस्ट १९५० आहे आणि विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१. कुटुंब त्या तारखेला जिथे राहत होतं, त्या भागातला सक्षम अधिकारी प्रमाणपत्र देतो. नवी मुंबईत जन्मलेल्या मुलीचा कागद सातारा जिल्ह्यात निघतो, तो या कारणाने.

मी वडिलांना बोलावलं. रात्रपाळीसारखंच त्यांचं काम. पहाटे गाड्या लागतात, दुपारी बारा-एकला माणूस मोकळा होतो. ते बाराच्या सुमारास आले, खांद्यावर टॉवेल, दारातच उभे. “मॅडम, आमाला ह्यातलं काय कळत न्हाय. तुमी सांगा तसं करतो.”

“भाऊ, तुमचे वडील शाळेत गेले होते का?”

“चौथीपर्यंत. गावच्याच जीवन शिक्षणमध्ये.”

चौथीपर्यंत शिकलेले आजोबा ही त्या घराची मोठी पुंजी निघाली. जिल्हा परिषदेच्या शाळेत जुनं जनरल रजिस्टर सांभाळलेलं असेल तर त्यात जातीचा रकाना भरलेला असतो. शाळेत कुणी गेलंच नसेल तर मग तहसीलमधली गाव नमुना १४ ची, म्हणजे जुन्या कोतवाल बुकातली, जन्म-मृत्यूची नोंद शोधावी लागते, आणि ते काम लांबतं.

गणपतीला ते गावी जाणारच होते. २०२४ मध्ये गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला, शनिवारी आली. मी त्यांना एवढंच सांगितलं, की दीड दिवसाचा गणपती करून रविवारी रात्रीची एसटी धरू नका, सोमवार-मंगळवार थांबा, शाळा उघडी असताना जा. हे सांगणं किरकोळ वाटेल, पण माझ्या मते त्या वर्षातली सर्वांत उपयोगी सूचना तीच होती. गावाला जायला माथाडी माणसाचे दोन दिवसांचे पैसे बुडतात. सुट्टीच्या दिवशी जाऊन रिकाम्या हाताने परत आलेली कुटुंबं मी पुष्कळ पाहिली आहेत.

ते उतारा घेऊन आले. १९५७ चा शाळाप्रवेश, जातीच्या रकान्यात ‘हिंदू सुतार’. ताईने तो माझ्या टेबलावर ठेवला तेव्हा ती कागदाकडे बघत म्हणाली, “मॅडम, माझ्या आजोबांची सही नसेल ना कुठे?” आजोबा तिच्या जन्माआधी गेले. त्यांच्या नावाचा एवढा जुना कागद तिने पहिल्यांदाच पाहिला होता.

ऑक्टोबरात जातीचं प्रमाणपत्र आलं आणि दिवाळीच्या आधी कॉलेजचं पत्र, वंशावळ, शपथपत्रं जोडून वैधतेचा ऑनलाइन अर्ज गेला. मी माझ्या वहीत ताईच्या नावापुढे बरोबरची खूण केली. इथे माझं चुकलं.

ईमेल कुणाचा?

अर्ज एका सायबर कॅफेतून भरला होता. दुकानदाराने मोबाइल आणि ईमेलच्या रकान्यात स्वतःच्या दुकानाचा नंबर आणि ईमेल टाकला. तो रोज वीस-पंचवीस अर्ज भरतो, ओटीपी लवकर मिळावा म्हणून असं करतो. त्यात त्याचा वाईट हेतू नव्हता. पण डिसेंबरच्या मध्याला समितीने काढलेल्या त्रुटीची सूचना त्या ईमेलवर आली आणि तिथेच पडून राहिली.

ख्रिसमसच्या सुट्टीनंतर, ६ जानेवारीला, मी वर्गात सगळ्यांना आपापल्या अर्जाची सद्यस्थिती बघायला सांगितली. मधल्या सुट्टीत ताई स्टाफरूमच्या दारात आली. चेहरा पांढराफटक. मोबाइलवर लिहिलेलं होतं, की शालेय नोंदीतलं आडनाव आणि अर्जदाराचं आडनाव जुळत नाही, खुलासा व पुरावा सादर करावा.

गोष्ट साधी होती. गावात सगळे त्यांना सुतारच म्हणत, शाळेच्या रजिस्टरातही आडनाव म्हणून ‘सुतार’ लिहिलेलं. वडील मुंबईला आल्यावर त्यांनी घराण्याचं मूळ आडनाव लावायला सुरुवात केली. रेशनकार्डापासून मुलांच्या दाखल्यांपर्यंत सगळीकडे तेच. बलुतेदारांच्या कितीतरी घरांत हेच झालेलं आहे. माणूस तोच, पण कागदावर दोन माणसं.

दिवस वाईट होते. प्रिलिम सुरू होणार, २४ जानेवारीपासून प्रात्यक्षिकं, ११ फेब्रुवारीला बोर्डाचा पहिला पेपर. ताई म्हणाली, “मी जाते आप्पांबरोबर, त्यांना ऑफिसात बोलायला जमत नाही.” मी नाही म्हटलं. त्या क्षणी मला कठोर व्हावं लागलं, पण दोन दिवसांचा प्रवास आणि त्यापुढचे चार दिवस मन थाऱ्यावर नसणं, हे तिला परवडणारं नव्हतं. कागद वडील आणू शकत होते, पेपर दुसरं कुणी लिहू शकत नव्हतं.

मी एका पानावर मोठ्या अक्षरात तीनच ओळी लिहिल्या. वडील सातवी शिकलेले, वाचता उत्तम येतं, पण खिडकीपाशी माणूस गोंधळतो. पहिली ओळ : तलाठ्याकडून वारस फेरफाराचा उतारा. दुसरी : ग्रामपंचायतीचा, दोन्ही आडनावांची व्यक्ती एकच असल्याचा दाखला. तिसरी : चुलत्यांचं आणि स्वतःचं शपथपत्र. फेरफाराची ओळ मी पहिली का लिहिली, हे सांगण्यासारखं आहे. आजोबा गेल्यावर त्यांच्या बारा गुंठ्यांवर मुलांची वारस म्हणून नोंद झाली होती. त्या एकाच नोंदीत वर मयत खातेदार ‘सुतार’ म्हणून आणि खाली वारस आताच्या आडनावाने असणार, हे उघड होतं. दोन आडनावांमधला पूल सरकारी दप्तरातच बांधलेला होता. शपथपत्र कुणीही करून देतं, फेरफार कुणाला मनाने बदलता येत नाही.

संक्रांतीच्या आसपास ते जाऊन आले. घडी घातलेलं माझं पान त्यांनी परत दिलं, तिन्ही ओळींपुढे पेनने खुणा होत्या. अर्जातला मोबाइल आणि ईमेल आधी दुरुस्त केला, मग खुलासा अपलोड केला आणि मूळ कागद प्रत्यक्ष नेऊन दिले. वैधता प्रमाणपत्र एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मिळालं.

तेव्हापासून मी वर्गातल्या प्रत्येक मुलाकडून त्याचा स्वतःचा ईमेल आठवड्यातून एकदा माझ्यासमोर उघडून घेते. पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर नाही, घरी आईजवळच्या डायरीत लिहायचा. सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा, कॅप म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, महाडीबीटी म्हणजे शुल्कमाफी-शिष्यवृत्तीचं सरकारी संकेतस्थळ, सगळ्यांचे ओटीपी आणि सूचना तिकडेच येणार असतात.

बोर्ड आणि सीईटी

याबद्दल फार लिहीत नाही, कारण याबद्दल सगळेच लिहितात. तीन गोष्टी मात्र ताईच्या बाबतीत निर्णायक ठरल्या.

पहिली, वेळेचा हिशेब. एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे प्रश्नाला चोपन्न सेकंद. मग गणिताचे ५० प्रश्न पुढच्या ९० मिनिटांत, तेही प्रत्येकी दोन गुणांचे. २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे. ताईला भौतिकशास्त्राची गोडी, त्यामुळे ती एखाद्या प्रश्नात शिरली की तीन मिनिटं बाहेर येत नसे. मी, तिची भौतिकशास्त्राची शिक्षिका, तिला सांगत होते की आधी रसायन उरक. रसायनातल्या सरळ माहितीच्या प्रश्नांतून वाचवलेली मिनिटं भौतिकशास्त्राला दे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून शेवटच्या दोन मिनिटांत एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही.

दुसरी, अकरावी. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमातले असतात. अकरावीचा पाया तिने उशिरा भरला होता. बोर्ड संपल्यावर मिळालेल्या पाच आठवड्यांतले पहिले दहा दिवस तिने फक्त त्यालाच दिले.

तिसरी गोष्ट मला आधी सुचायला हवी होती. परीक्षा संगणकावर होते आणि तिच्या घरात संगणक नव्हता. माउसने पर्याय निवडून पुढच्या प्रश्नावर जाणं, खूण करून ठेवलेल्या प्रश्नावर परत येणं, यातच तिचे पहिल्या सरावात बारा-पंधरा प्रश्न राहून गेले. मार्चअखेरीपासून दर शनिवारी आम्ही कॉलेजची संगणक प्रयोगशाळा उघडली. ताईबरोबर आणखी अकरा मुलं आली. सगळी तिच्यासारखीच, फोनवर वाढलेली.

५ मे २०२५ ला बारावीचा निकाल लागला, ७१ टक्के. तिला वाईट वाटलं. मी तिला आठवण करून दिली, की इंजिनिअरिंगच्या गुणवत्ता यादीसाठी सीईटी धरतात आणि बारावीला संबंधित विषयांत खुल्या प्रवर्गाला ४५ आणि राखीवला ४० टक्के लागतात. जूनच्या मध्याला सीईटीचा निकाल आला, ९२ पर्सेंटाइलच्या थोडं वर. वसाहतीत पेढे वाटताना आई ‘ब्याण्णव टक्के’ म्हणून सांगत होती. ताईने दोनदा समजावलं, की याचा अर्थ परीक्षेला बसलेल्यांपैकी शंभरातल्या ब्याण्णवांच्या बरोबरीने किंवा पुढे, गुण नव्हेत. मग तिनेही नाद सोडला. पेढे गोडच होते.

माझी दुसरी चूक

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सगळ्यांच्या फायली मागवल्या. ताईचं नॉन क्रीमीलेयर प्रमाणपत्र डिसेंबरमध्ये माझ्याच सांगण्यावरून काढलेलं होतं. ‘लवकर काढा, गर्दी टाळा’ हा माझा मंत्र. प्रमाणपत्राच्या तळाशी लिहिलेलं होतं, ३१ मार्च २०२५ पर्यंत वैध. आणि २०२५-२६ च्या प्रवेशासाठी ते ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध असायला हवं होतं.

मी ते सहा महिने फाईलमध्ये पाहत होते आणि एकदाही शेवटची ओळ वाचली नव्हती. वैधतेचा कागद जितका लवकर काढावा तितका चांगला, तो जन्मभर चालतो. नॉन क्रीमीलेयरची मुदत आर्थिक वर्षाशी बांधलेली असते, म्हणून तो काढताना मुदत कोणत्या मार्चपर्यंत मिळते आहे हे आधी बघायचं. एकाच फाईलमधल्या दोन कागदांचं घड्याळ वेगळं असतं. मी दोघांना एकच नियम लावला, ही माझी चूक, आणि तिचा भुर्दंड त्या घराने भरला. वडिलांना पुन्हा उत्पन्नाचे कागद गोळा करावे लागले, जूनच्या ऐन गर्दीत रांगेत उभं राहावं लागलं. नवीन प्रमाणपत्र हातात आलं तोवर आमच्या सगळ्यांच्या जिवाला घोर लागलेला होता.

या एका कागदावर किती अवलंबून होतं ते सांगते. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. आधी ही सवलत निम्मी होती. अट अशी, की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला ती नाही. खाजगी अभिमत विद्यापीठांना आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांनाही नाही.

आणि नेमकं त्याच आठवड्यात ताईचे एक चुलते एका अभिमत विद्यापीठाचं माहितीपत्रक घेऊन घरी आले. कॉम्प्युटरची जागा आहे, पन्नास हजार भरून आजच अडकवून ठेवायची, कॅपच्या भरवशावर राहाल तर पोरगी घरी बसेल. फी वर्षाला तीन लाखांच्या वर. चुलत्यांचा जीव आहे ताईवर, फसवायला आलेले नव्हते. पन्नास हजार पतपेढीतून काढायचे असं ठरतही आलं होतं. ताईने रात्री नऊला मला फोन केला, “मॅडम, उद्या सकाळी आप्पा पैसे काढणार आहेत. तुम्ही बोला ना.”

मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीवर गेले. आईने पोह्यांची बशी पुढे केली. मी कुणालाच नाही म्हटलं नाही. एका कागदावर मधोमध रेघ मारली, डावीकडे त्या जागेची चार वर्षांची फी, उजवीकडे कॅपमधून मिळणाऱ्या कॉलेजची. उजवीकडे शिक्षण शुल्कासमोर शून्य. पण विकास शुल्क, पुस्तकं, पास, प्रकल्पाचा खर्च हे मी उजवीकडेही लिहिलं, कारण माफी म्हणजे सगळंच फुकट असं घरच्यांना वाटू देणं हे पुढे त्यांनाच जड जातं. वडील बराच वेळ कागद बघत राहिले. मग चुलत्यांना म्हणाले, “नाना, मॅडमचं बराबर हाय. आपुन दोन फेऱ्या बघू.” चुलते म्हणाले, “पोरीचं नुकसान नको व्हायला, एवढंच माझं म्हणणं.” ते म्हणणं रास्तच होतं.

चिठ्ठ्या

विकल्प अर्जाबद्दल, म्हणजे कॉलेज आणि शाखा पसंतीच्या क्रमाने भरायच्या अर्जाबद्दल, मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण बहुतेक मुलं तो एका बैठकीत, सायबर कॅफेच्या खुर्चीवर, मागे रांग लागलेली असताना भरतात.

दोन समजुती पक्क्या झालेल्या असतात. एक, की ‘मिळण्यासारखं’ आधी लिहावं, नाहीतर पहिला पर्याय वाया जातो. असं काही होत नाही. संगणक गुणवत्तेच्या क्रमाने एकेका विद्यार्थ्याकडे येतो आणि त्याच्या यादीत वरून खाली बघतो, जी पहिली जागा शिल्लक असेल ती देतो. वरचे पाच पर्याय हुकले म्हणून सहाव्यावरचा हक्क कमी होत नाही. म्हणून क्रम इच्छेचा लावायचा. दुसरी समजूत, की मिळालेली जागा नको असेल तर पुढच्या फेरीत बघू. ते अर्धंच खरं. २०२५ मध्ये चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी, तर ती जागा आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेऱ्यांतून विद्यार्थी बाहेर. म्हणजे पहिल्या तीन ओळी लिहिताना ‘हे मिळालं तर मी आनंदाने जाईन का’ एवढाच प्रश्न विचारायचा. नाव मोठं म्हणून कुणाच्या तरी समाधानासाठी वर लिहिलेली ओळ गळ्यात पडू शकते.

ताईने आधी मागच्या वर्षीच्या कटऑफच्या याद्या काढल्या. त्यातले संकेत वाचायला शिकली. ‘एल’ म्हणजे मुलींसाठीच्या जागा, मग प्रवर्ग, शेवटचा ‘एच’ म्हणजे गृह विद्यापीठ. टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिक्षण शुल्क माफ असलेल्या, जागांचे संकेतांक वेगळे असतात, हेही तिनेच शोधलं. मग जुन्या दिनदर्शिकेची पाठकोरी पानं कापून तिने चिठ्ठ्या केल्या. एका चिठ्ठीवर एक कॉलेज आणि एक शाखा, कोपऱ्यात घरापासूनचा वेळ. मांडणी खोलीतल्या फरशीवर झाली. मी, ती, आई, दारात बसलेले वडील, आणि पंख्याच्या वाऱ्याने चिठ्ठ्या उडू नयेत म्हणून त्यांवर डाळीचे दाणे ठेवणारा भाऊ.

मी दोन चिठ्ठ्या उचलून तिच्या दोन हातांत द्यायचे. “एकच ठेवायची. कुठली टाकशील?” मग तिसरी. असं करत क्रम लागत गेला. सुरुवातीला सगळीकडे कॉम्प्युटर वर. आठव्या-नवव्या जोडीला मात्र ती थांबली. एका हातात लांबच्या कॉलेजातलं कॉम्प्युटर, दुसऱ्यात ट्रान्स-हार्बरवरच्या कॉलेजातलं इलेक्ट्रिकल. तिने कॉम्प्युटरची चिठ्ठी खाली ठेवली.

“खरं सांगू का मॅडम? मला इलेक्ट्रिकलच जास्त आवडेल. सगळे कॉम्प्युटर म्हणतात म्हणून…”

मला नवल वाटलं नाही. घरातल्या पंख्याचा रेग्युलेटर तिने स्वतः बदललेला होता, बोर्डाचं झाकण उघडून, मेन स्विच बंद करून. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली तेव्हा ती आठवीत होती, फोनवरचा ऑनलाइन तास अर्ध्यात तुटला. कळवा-पडघा वाहिन्यांमधल्या बिघाडाने एवढं मोठं शहर बंद कसं पडतं, हा प्रश्न तिने मला तीन वर्षांनी, अकरावीच्या विद्युतधारेच्या धड्याला विचारला होता.

वडिलांना शंका होती. “खांबावर चढायचं काम हाय का ते?”

“नाही ओ आप्पा. मेट्रोला, लोकलला वीज कुठून किती द्यायची, सोलरची वीज तारेत कशी आणायची, हे ठरवायचं काम.” मग थोडं थांबून, “आणि चढावं लागलं तर चढेन.”

आईचा प्रश्न एकच होता, की घरी यायला किती वाजतील. मला तो प्रश्न महत्त्वाचा वाटतो. ठाणे-वाशी गाडीत कोपरखैरण्याला उतरून पायी दहा मिनिटं, आणि दादरला गाडी बदलून संध्याकाळच्या गर्दीत येणं, यांत चार वर्षांचा फरक आहे. म्हणून लांबच्या दोन नावाजलेल्या कॉलेजांच्या चिठ्ठ्या ताईने वर ठेवल्या, पण फक्त इलेक्ट्रिकलच्या, ज्यासाठी तिला प्रवास चालणार होता. तिसरी चिठ्ठी जवळच्या कॉलेजातलं इलेक्ट्रिकल. तिच्याखाली तीस-बत्तीस पर्याय. तीन संध्याकाळी गेल्या. चौथ्या दिवशी कॉलेजच्या प्रयोगशाळेत, तिच्या स्वतःच्या ईमेलवरून, चिठ्ठ्यांचा गठ्ठा शेजारी ठेवून तिने अर्ज पक्का केला.

पहिल्या फेरीत तिला सातवा पर्याय लागला. नियमाप्रमाणे ती जागा राखून पुढच्या फेरीत वर सरकण्याचा मार्ग तिने घेतला. ते दहा-बारा दिवस घरात कुणाला नीट झोप नव्हती, चुलत्यांचे फोन येतच होते. दुसऱ्या फेरीत तिसरा पर्याय लागला आणि जागा आपोआप पक्की झाली. तिने मला जो संदेश पाठवला त्यात फक्त त्या चिठ्ठीचा फोटो होता, डाळीचा दाणा अजून वर होता.

वैधता, नॉन क्रीमीलेयर, दाखला, सगळे मूळ कागद एकाच खेपेत तपासून झाले. त्यानंतर शुल्कमाफीसाठी महाडीबीटीवर वेगळा अर्ज भरावा लागतो, आधारशी जोडलेलं बँक खातं लागतं, आणि दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं. हे तिने स्वतः केलं, मला फक्त पावती दाखवली.

ताईच्या वर्षात मला सलतं ते एवढंच, की हे सगळं अकरावीत सुरू करता आलं असतं. बोर्डाच्या आधीचा जानेवारी तिला शांतपणे मिळाला असता, आणि तिच्या बारावीच्या टक्क्यांत त्या जानेवारीचा वाटा आहे, असं मला आजही वाटतं. यंदापासून मी अकरावीच्या प्रवेशाच्या वेळीच फायली मागवते. वर्गशिक्षिका दुसरी असली तरी.

सप्टेंबरमध्ये वडील पुन्हा आले, बरोबर धाकटा. तो यंदा अकरावी सायन्सला आला आहे. त्याचं काम सोपं आहे. सख्ख्या बहिणीचं वैधता प्रमाणपत्र हाच त्याचा सर्वांत भक्कम पुरावा, फेरफार आणि १९५७ चा उतारा घरातच आहेत. वडिलांनी नवी निळी फाईल टेबलावर ठेवली आणि विचारलं, “मॅडम, ह्याच्या अर्जावर ईमेल कुणाचा टाकायचा?”

मी काही बोलायच्या आत धाकटा म्हणाला, “माझा. ताईने कालच काढून दिलाय.”